आफ्रिकेला वर्ल्डकपचं दार उघडून देणाऱ्या घानाला स्वतःच्या एंट्रीसाठी ४० वर्षं थांबावं लागलं

२ जुलै २०१०. जोहान्सबर्गचं सॉकर सिटी स्टेडियम. वर्ल्डकपची क्वार्टर फायनल, घाना विरुद्ध उरुग्वे. स्कोअर १-१ आणि एक्स्ट्रा टाईमचीही शेवटची काही सेकंदं उरलेली. घानाच्या डॉमिनिक अडियाने हेडर मारला. गोलकीपर केव्हाच मागे पडला होता, बॉल गोलमध्ये जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. तेवढ्यात गोललाईनवर उभ्या असलेल्या लुईस सुआरेझने तो चक्क दोन्ही हातांनी बाहेर ढकलला.

सुआरेझला रेड कार्ड मिळालं आणि घानाला पेनल्टी. ती मारली की घाना वर्ल्डकपची सेमीफायनल गाठणारा आफ्रिकेतला पहिला देश होणार होता. असामोआ ग्यान पुढे आला, त्याने किक मारली आणि बॉल क्रॉसबारला लागून वर उडाला. पुढे पेनल्टी शूटआऊटमध्ये घाना ४-२ ने हरला. मैदानाबाहेर निघालेला सुआरेझ बोगद्याच्या तोंडाशी थांबून जल्लोष करत होता.

घानाचा फुटबॉल म्हटलं की जगाला हीच मॅच आठवते. पण या देशाच्या फुटबॉलची गोष्ट त्याहून शंभर वर्षं जुनी आहे. त्यात एक राष्ट्राध्यक्ष आहे, वर्ल्डकपवर टाकलेला बहिष्कार आहे, पैशांनी भरलेलं विमान आहे आणि एका संध्याकाळी स्टेडियममध्ये गेलेले १२६ जीवही आहेत.

सुरुवात झाली एका शाळेतून

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा घाना तेव्हा 'गोल्ड कोस्ट' नावाने ओळखला जायचा आणि तिथे ब्रिटिशांचं राज्य होतं. केप कोस्ट या बंदराच्या गावात ब्रिटिश खलाशी आणि व्यापारी मोकळ्या वेळात फुटबॉल खेळायचे. ते बघून तिथल्या सरकारी शाळेतल्या पोरांनाही खेळाचं वेड लागलं. १९०३ मध्ये ब्रिटन आडनावाच्या हेडमास्तरांच्या पुढाकाराने या मुलांचा 'एक्सेल्सियर' नावाचा क्लब तयार झाला. हे हेडमास्तर मूळचे जमैकाचे होते.

तिथून खेळ भराभर पसरला. १९११ मध्ये राजधानी अक्रामध्ये 'हार्ट्स ऑफ ओक' हा क्लब सुरू झाला. १९३५ मध्ये अशांती लोकांच्या कुमासी शहरात 'असांते कोटोको' उभा राहिला. कोटोको म्हणजे साळिंदर. काटे असलेला हा प्राणी अशांती योद्ध्यांचं प्रतीक मानला जातो. हजार मारलेत तर आणखी हजार येतील, असं या क्लबचं ब्रीद आहे. अशांतींचा राजा या क्लबचा आश्रयदाता असतो.

अक्रा विरुद्ध कुमासी, म्हणजेच हार्ट्स विरुद्ध कोटोको, ही घानातली सगळ्यात मोठी टक्कर. कोलकात्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागानच्या मॅचला जे वातावरण असतं, तेच इथे असतं.

१९५१ मध्ये गोल्ड कोस्टचा संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्यातले बरेच खेळाडू अनवाणी खेळले. तीन वर्षांपूर्वी लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचे खेळाडूही असेच अनवाणी उतरले होते.

एन्क्रुमांना फुटबॉल कशासाठी हवा होता?

६ मार्च १९५७ ला गोल्ड कोस्ट स्वतंत्र झाला आणि घाना हे नवं नाव मिळालं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकी वसाहतींमध्ये स्वातंत्र्य मिळवणारा हा पहिला देश. त्याचे नेते होते क्वामे एन्क्रुमा. सगळ्या आफ्रिकेने एकत्र यावं, हे त्यांचं स्वप्न होतं आणि त्यासाठी फुटबॉलइतकं सोपं साधन दुसरं नाही, हे त्यांना लवकर कळलं.

राष्ट्रीय संघाचं नाव ठेवलं गेलं 'ब्लॅक स्टार्स'. घानाच्या झेंड्यावर मधोमध काळा तारा आहे. हा तारा आला मार्कस गार्वी यांच्या 'ब्लॅक स्टार लाईन' या जहाज कंपनीच्या नावावरून. जगभरच्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेशी जोडण्यासाठी गार्वींनी ही कंपनी काढली होती. झेंडा तयार केला थिओडोसिया ओको या महिलेने. गंमत म्हणजे या बाई पुढे घानातल्या हॉकी संघटनेच्या प्रमुख झाल्या.

एन्क्रुमांनी खेळाचा कारभार ओहेने जान यांच्याकडे सोपवला. जान धडाडीचे होते. १९५७ मध्ये नवी फुटबॉल संघटना उभी राहिली, पुढच्याच वर्षी ती फिफाची सदस्य झाली आणि राष्ट्रीय लीगही सुरू झाली. १९६२ मध्ये तर युरोप गाजवणारा रिअल माद्रिदचा संघ अक्रामध्ये खेळायला आला. पुश्काश आणि डी स्टेफानो यांच्या त्या संघाला घानाने ३-३ असं बरोबरीत रोखलं.

पण सत्तेच्या या प्रेमाची किंमतही मोजावी लागली. १९६१ मध्ये एन्क्रुमांच्या आशीर्वादाने 'रिअल रिपब्लिकन्स' नावाचा आदर्श क्लब काढला गेला. त्यासाठी प्रत्येक मोठ्या क्लबचे दोन-दोन चांगले खेळाडू उचलण्यात आले. ज्यांचे खेळाडू गेले ते क्लब नाराज झाले. कोटोकोने तर उघड विरोध केला. १९६६ मध्ये एन्क्रुमांची सत्ता उलथली आणि त्यांच्याबरोबर हा क्लबही बंद झाला. सरकार बदललं की फुटबॉलचीही घडी विस्कटते, हे घानाने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

वर्ल्डकपवर बहिष्कार

१९६६ चा वर्ल्डकप इंग्लंडमध्ये होणार होता. एकूण जागा होत्या १६. त्यातल्या १० युरोपला, ४ दक्षिण अमेरिकेला आणि १ उत्तर व मध्य अमेरिकेला. उरलेल्या एका जागेसाठी आफ्रिका, आशिया आणि ओशनिया या सगळ्यांनी भांडायचं. म्हणजे आफ्रिकेत पहिला आलेल्या संघालाही थेट प्रवेश नाही, त्याने पुन्हा दुसऱ्या खंडातल्या विजेत्याशी खेळायचं.

ओहेने जान यांना हे मान्य नव्हतं. आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते, फिफाचे सदस्य होत होते, पण मैदानात त्यांना कोणी मोजत नव्हतं. त्यात वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवरची बंदी १९६३ मध्ये उठवून फिफाने आगीत तेल ओतलं होतं.

घानाने पुढाकार घेतला, एन्क्रुमांनी पाठिंबा दिला, इथिओपियाचे यिडनेकाचू टेसेमा सोबत आले. १९६४ मध्ये आफ्रिकी देशांनी ठरवलं की एक थेट जागा मिळत नसेल तर वर्ल्डकपलाच जायचं नाही. फिफाने दंड ठोठावला, पण आफ्रिका मागे हटली नाही.

यात घानाने काय गमावलं, ते लक्षात घ्यायला हवं. १९६३ आणि १९६५ या दोन्ही वेळी आफ्रिका कप ऑफ नेशन्स घानानेच जिंकला होता. म्हणजे खंडातला सगळ्यात तगडा संघ त्यांचा होता आणि वर्ल्डकपला जाण्याची सगळ्यात जास्त शक्यताही त्यांचीच होती. बहिष्काराने सगळ्यात मोठा घाव बसला तो त्यांच्याच खेळाडूंना. ती रिकामी जागा उत्तर कोरियाला मिळाली आणि त्यांनी इटलीला हरवून थेट क्वार्टर फायनल गाठली.

शेवटी फिफाला नमावं लागलं. १९७० च्या वर्ल्डकपपासून आफ्रिकेला एक हक्काची जागा मिळाली. ती पहिल्यांदा वापरली मोरोक्कोने. आज ४८ संघांच्या वर्ल्डकपमध्ये आफ्रिकेच्या ९ थेट जागा आहेत. त्याची सुरुवात या बहिष्कारातून झाली. घाना स्वतः मात्र वर्ल्डकपला पोहोचला तो २००६ मध्ये.

चार वेळा चॅम्पियन, मग दुष्काळ

मधल्या काळात घाना गप्प बसला होता असं नाही. १९७८ मध्ये मायदेशात तिसऱ्यांदा आफ्रिका कप जिंकला, त्यामुळे नियमाप्रमाणे ती ट्रॉफी कायमची त्यांच्याकडे आली. ३१ डिसेंबर १९८१ ला जेरी रॉलिंग्ज यांनी लष्करी बंड करून सत्ता घेतली. त्यानंतर तीनच महिन्यांत घानाने लिबियात जाऊन यजमानांनाच शूटआऊटमध्ये हरवलं आणि चौथा कप आणला. या चारपैकी तीन विजयांच्या वेळी कोच एकच होते, सी. के. ग्याम्फी. त्या चौथ्या संघात अबेदी आयेव नावाचा एक कोवळा पोरगा होता. पुढे जग त्याला 'अबेदी पेले' म्हणून ओळखू लागलं.

१९८२ चा तो कप घानाचा शेवटचा आफ्रिका कप ठरला.

१९८३ मध्ये देशात भीषण दुष्काळ पडला, वणव्यांनी शेती जाळली. त्याच वर्षी नायजेरियाने लाखो घानायींना देशाबाहेर काढलं. खायची मारामार असताना क्लबकडे पैसा कुठून येणार? खेळाडू मिळेल त्या देशात खेळायला जाऊ लागले. अबेदी पेलेने कतार, स्वित्झर्लंड, बेनिन असा प्रवास करत फ्रान्स गाठलं. १९९१ ते १९९३ अशी सलग तीन वर्षं तो आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला आणि १९९३ मध्ये मार्सेलसोबत चॅम्पियन्स लीगही जिंकला.

१९९२ च्या आफ्रिका कपच्या फायनलमध्ये मात्र तो निलंबित असल्यामुळे बाहेर बसला. आयव्हरी कोस्टविरुद्धची ती मॅच शूटआऊटमध्ये गेली. दोन्ही संघांच्या गोलकीपर्सनाही पेनल्टी मारावी लागली आणि घाना ११-१० ने हरला. २०१० मध्ये इजिप्तकडून आणि २०१५ मध्ये पुन्हा आयव्हरी कोस्टकडून शूटआऊटमध्ये, अशा आणखी दोन फायनल त्यांनी गमावल्या.

पोरांच्या पातळीवर मात्र घाना जगात भारी होता. १७ वर्षांखालचा वर्ल्डकप त्यांनी १९९१ आणि १९९५ मध्ये जिंकला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळवून ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये पदक जिंकणारा तो आफ्रिकेतला पहिला देश ठरला. २००९ मध्ये २० वर्षांखालचा वर्ल्डकप जिंकणारा पहिला आफ्रिकी संघही घानाचाच. गुणवत्ता कधीच कमी नव्हती.

९ मे २००१ ला काय झालं?

बुधवारची संध्याकाळ. अक्रा स्पोर्ट्स स्टेडियममध्ये हार्ट्स विरुद्ध कोटोको. हार्ट्स तेव्हा आफ्रिकेचे क्लब चॅम्पियन होते. मॅच संपत आली तेव्हा ते २-१ ने पुढे होते. चिडलेल्या कोटोको समर्थकांपैकी काहींनी प्लॅस्टिकच्या खुर्च्या उखडून मैदानाकडे फेकायला सुरुवात केली.

पोलिसांनी गर्दीने भरलेल्या स्टँडमध्ये अश्रुधुराची नळकांडी फोडली. डोळ्यांची आग आणि श्वास कोंडलेला, अशा अवस्थेत हजारो माणसं जिन्यांकडे धावली. जिने अरुंद होते आणि खाली दरवाजांना कुलपं होती. पुढचे अडकले, मागचे येतच राहिले. १२६ जण गेले, बहुतेक गुदमरून. आफ्रिकेच्या इतिहासातली ही सगळ्यात भीषण स्टेडियम दुर्घटना.

चौकशी आयोगाने पोलिसांच्या वागण्यावर बोट ठेवलं. सहा पोलीस अधिकाऱ्यांवर खटला चालला, पण ते सुटले. आज स्टेडियमबाहेर एक पुतळा आहे. एक फुटबॉलप्रेमी दुसऱ्याला उचलून बाहेर नेतोय, असा. दरवर्षी ९ मे ला तिथे श्रद्धांजली वाहिली जाते.

या घटनेनंतर अनेक कुटुंबांनी स्टेडियमची वाट सोडली. घरगुती लीगला गर्दीची सवय होती, ती मोडली. त्याच काळात टीव्हीवर युरोपातल्या मॅचेस दिसू लागल्या होत्या. घरबसल्या चेल्सी बघता येत असेल, तर जीव मुठीत धरून कोण जाणार?

अखेर वर्ल्डकप

२००६ मध्ये जर्मनीतल्या वर्ल्डकपला घाना पहिल्यांदा पात्र ठरला. मायकल एसियन, स्टीफन आपिया, सुली मुंतारी असा दमदार मिडफिल्ड होता. पहिल्या मॅचला इटलीकडून हार झाली. दुसऱ्या मॅचला समोर होता फिफा क्रमवारीत दुसऱ्या नंबरवर असलेला चेक प्रजासत्ताक. ग्यानने ६८ व्या सेकंदाला गोल मारला आणि घानाने मॅच २-० ने काढली. पुढे अमेरिकेलाही हरवलं. बाद फेरीत ब्राझील भारी पडला, पण पदार्पणातच घाना त्या वर्षी गट फेरी पार करणारा एकमेव आफ्रिकी संघ ठरला होता.

चार वर्षांनी तो जोहान्सबर्गच्या त्या रात्रीपर्यंत पोहोचला. पेनल्टी हुकल्यानंतर काही मिनिटांतच शूटआऊटमध्ये घानाची पहिली किक घ्यायला पुन्हा ग्यानच पुढे आला होता आणि तेव्हा त्याने गोल केला, हे फारसं कोणाला आठवत नाही.

हाच ग्यान २०१९ मध्ये आयएसएलमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडकडून खेळायला भारतात आला होता. त्याच्याही आधी घानाचा स्ट्रायकर युसिफ याकुबूने गोव्याचा चर्चिल ब्रदर्स आणि मुंबईचा महिंद्रा युनायटेड या क्लबकडून गोलचा धडाका लावला होता. गोव्यातल्या जुन्या फुटबॉलप्रेमींना हे नाव आजही सांगावं लागत नाही.

विमानातून आलेले ३० लाख डॉलर

२०१४ चा ब्राझील वर्ल्डकप. घानाने जर्मनीला २-२ ने बरोबरीत रोखलं. त्या स्पर्धेत चॅम्पियन ठरलेल्या जर्मनीला हरवता न आलेला हा एकमेव संघ. पण ड्रेसिंग रूममध्ये वेगळंच शिजत होतं. खेळाडूंना ठरलेलं मानधन मिळालं नव्हतं. आधी पैसे हातात द्या, नाहीतर पोर्तुगालविरुद्ध खेळणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. सरावही बंद केला.

बँकेतून पाठवू, नंतर देऊ, या आश्वासनांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. शेवटी सरकारने ३० लाख डॉलरहून जास्त रोकड विमानात भरून ब्राझीलला पाठवली. विमानतळापासून हॉटेलपर्यंत पैशांच्या गाड्यांना पोलिसांचा ताफा होता आणि ती दृश्यं जगभर टीव्हीवर दिसली. मॅचच्या दिवशीच मुंतारी आणि केव्हिन-प्रिन्स बोआटेंग यांना शिस्तभंगाच्या कारणावरून घरी पाठवलं गेलं. घाना ती मॅच हरला आणि स्पर्धेबाहेर पडला.

देशात संताप उसळला. काहींना खेळाडू हावरट वाटले. पण खेळाडूंचा प्रश्न साधा होता. संघटनेने शब्द पाळला असता, तर नोटांनी भरलेल्या विमानाची वेळ आली असती का?

'नंबर १२'

या अविश्वासाला कारण होतं, हे चार वर्षांनी दिसलं. घानात अनास अरेमेयाव अनास नावाचे पत्रकार आहेत. ते चेहरा कधीच दाखवत नाहीत, मण्यांच्या माळा सोडलेली टोपी घालून वावरतात. जून २०१८ मध्ये त्यांच्या टीमने 'नंबर १२' ही स्टिंग डॉक्युमेंटरी दाखवली. रेफ्री मॅचआधी नोटा घेतायत, अधिकारी पाकिटं खिशात घालतायत, असं त्यात दिसत होतं. सगळ्यात वरचा चेहरा होता फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष क्वेसी न्यांताकी यांचा. उद्योगपती असल्याचं भासवणाऱ्या पत्रकाराकडून ते ६५ हजार डॉलर घेताना कॅमेऱ्यात दिसले.

न्यांताकींनी राजीनामा दिला. फिफाने त्यांच्यावर आजीवन बंदी घातली, क्रीडा लवादाने ती पुढे १५ वर्षांवर आणली. लीग अर्ध्यातच थांबली. संघटनेचा कारभार फिफाने नेमलेल्या समितीकडे गेला आणि नव्या निवडणुका व्हायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. या मधल्या काळात क्लबना नियमित लीग मॅचेस नव्हत्या, म्हणजे साध्या खेळाडूंच्या कमाईचाही प्रश्न उभा राहिला.

सगळ्यात मोठी किंमत मोजली अहमद हुसेन-सुआले यांनी. ते अनास यांच्या टीममधले पत्रकार. एका खासदाराने त्यांचा फोटो टीव्हीवर दाखवला होता. १६ जानेवारी २०१९ च्या रात्री अक्रामध्ये त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

आज घानाचा फुटबॉल कुठे आहे?

२०२२ च्या वर्ल्डकपमध्ये घाना आणि उरुग्वे पुन्हा समोरासमोर आले. अबेदी पेलेचा मुलगा आंद्रे आयेव पेनल्टी घ्यायला गेला आणि त्याचीही हुकली. घाना २-० ने हरून बाहेर पडला. पण तिकडे दक्षिण कोरियाने पोर्तुगालला हरवलं आणि केलेल्या गोलच्या हिशोबात उरुग्वेही बाहेर गेला. बेंचवर बसून रडणारा सुआरेझ बघून घानाचे प्रेक्षक स्वतःची हार विसरून नाचले.

आनंद तेवढाच होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आफ्रिका कपमध्ये कोमोरोससारख्या चिमुकल्या बेटांच्या देशाने घानाला ३-२ ने हरवलं होतं. २०२३ च्या आफ्रिका कपमध्येही गट फेरीतच गाशा गुंडाळावा लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुटबॉल वाचवा म्हणत लोक अक्राच्या रस्त्यावर उतरले. २०२५ च्या आफ्रिका कपला तर संघ पात्रही ठरला नाही. असं वीस वर्षांत पहिल्यांदाच घडलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच कोमोरोसला १-० ने हरवून घानाने २०२६ च्या वर्ल्डकपचं तिकीट मिळवलं, ते मोहम्मद कुदुसच्या गोलवर.

कुदुस हा 'राईट टू ड्रीम' या अकादमीत घडला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या अकादमीचा डेन्मार्कमधल्या नॉर्डशेलांड या क्लबशी थेट संबंध आहे, त्यामुळे इथली हुशार पोरं अठरा वर्षांची झाली की युरोपात जातात. त्यांचं आयुष्य बदलतं, हे खरंच. पण चांगला खेळाडू घानाच्या लीगमध्ये दिसतच नाही, तर तिकीट काढून बघायला कोण येणार, हा प्रश्न हार्ट्स आणि कोटोकोपुढे कायम आहे.

महिलांच्या संघाची, म्हणजे 'ब्लॅक क्वीन्स'ची कामगिरी त्यामानाने कमी बोलली जाते. त्या १९९९ मध्येच वर्ल्डकप खेळल्या, म्हणजे पुरुषांच्या सात वर्षं आधी. जुलै २०२५ मध्ये झालेल्या महिला आफ्रिका कपमध्येही त्यांनी तिसरा क्रमांक मिळवला.

आणि २००१ चा धडा? फेब्रुवारी २०२५ मध्ये एका लीग मॅचदरम्यान कोटोकोच्या समर्थकाला भोसकून मारण्यात आलं. लीग काही काळ थांबवावी लागली. सुरक्षेचे नवे नियम करण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली. अक्राच्या स्टेडियममधल्या त्या दुर्घटनेला तेव्हा चोवीस वर्षं होत आली होती.